हनुवटीखालचा वळ

आमच्या पूनम सागर सोसायटीत हळदीकुंकवाचं बोलावणं मला येतं, पण वाण कोणी हातात देत नाही. टीपॉयवर ठेवतात. मढी चिरणारे हात ना माझे. मी मुद्दाम जाते, सगळ्यांत पुढे बसते आणि तिळगूळ आपल्या हाताने वाटीतून उचलून खाते. ज्याला विटाळ वाटतो त्याने उठून जावं.

मी सरकारी इस्पितळात शवविच्छेदन करते. लोकांना वाटतं, माझं काम खून शोधायचं. खून नसेल तर तेही तितकंच ठणकावून सांगावं लागतं, आणि त्याला जास्त शिव्या पडतात. उत्तनच्या एका म्हातारीपायी मी त्या पोटभर खाल्ल्या.

म्हातारी कोळी ख्रिस्ती घरातली. मुलगा बोटीवर, घरात फक्त सून. दुपारी जेवून आडवी झालेली सासू उठलीच नाही. संध्याकाळी दोन्ही लेकी सासरहून आल्या, आईला चांगलं लुगडं नेसवायला घेतलं, आणि हनुवटीखाली त्यांना बारीक दोरीचा वळ दिसला. सासू-सुनेची भांडणं सगळ्या आळीला पाठ होती. पाद्रीबुवांच्या आधी पोलीस आले.

सकाळी माझ्या खोलीबाहेर अर्धं गाव जमलेलं. सून कोपऱ्यात महिला पोलिसाशेजारी मान खाली घालून बसली होती. थोरली लेक माझ्या अंगावरच आली. “आमच्या आईला हिनंच मारलं हाय. वळ दिसतोय ना? मग कापायचं कशाला?”

गावातल्या एका पुढाऱ्याने मला बाजूला घेतलं. “मॅडम, लोक तापलेत. जरा बघून लिहा.”

“बघूनच लिहिते. त्यासाठीच आत जातेय. वाट सोडा.”

मान मी थराथराने उघडली. जिवंत माणसाचा गळा आवळला तर आत रक्त साकळतं. इथे वळाखाली काहीच नव्हतं. स्नायू स्वच्छ, हाड शाबूत. वळ नुसता कातडीपुरता, वाळलेला, आणि हनुवटीखालून दोन्ही कानांपुढून वर चढत गेलेला. हृदयाच्या रक्तवाहिनीत मात्र ताजी गुठळी अडकून बसली होती. म्हातारी हृदयविकाराने गेली होती आणि वळ त्यानंतरचा होता.

बाहेर आले तर तपासावरचे साहेब म्हणाले, “मॅडम, मत राखून ठेवा ना. व्हिसेरा विषाच्या तपासणीला जाऊ दे. तुम्ही पण सुटाल, आम्ही पण सुटू.”

म्हणजे तो अहवाल येईपर्यंत त्या बाईने गावात खुनी म्हणून जगायचं. माझं डोकंच फिरलं. “व्हिसेरा खुशाल पाठवा. मला कारण दिसलंय, ते मी आजच लिहिणार,” म्हटलं, आणि तडक सुनेपुढे जाऊन उभी राहिले.

“सासूबाईंचं तोंड कोणी बांधलं?”

हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. माणूस गेलं की जबडा उघडा पडू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधायची, हे आपल्याकडे सगळ्याच घरांतून चालतं. त्या गर्दीतल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी पाहिलेलं असणार.

“मीच,” ती म्हणाली. “रुमाल पुरत न्हवता. परकराची नाडी काढून बांदली. नणंदा येताना दिसल्या तवा सोडली. नाडी बघून त्या बोलल्या असत्या, आईला नीट फडका पण न्हाय मिळाला म्हणून.”

मी दाखला लिहिला. थोरली ओरडली, “डॉक्टरीण फितूर हाय.” मी म्हटलं, “कोर्टात बोलवा मला. तिथेही हेच सांगेन.” पुढारी फोनवर बोलत जिना उतरून गेले.

मी वळले तर सुनेने माझा हात धरला. वाण टीपॉयवर ठेवायला लावतो, तोच हात. मला वाटलं, आभार मानेल.

“डॉक्टर, मी लय घट्ट बांदलं होतं,” ती म्हणाली. “तिला दुखलं असंल का?”

मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, “नाही. तेव्हा ती गेलेली होती. तिला काही दुखलं नाही.” आणि थोरलीकडे बघून तेच पुन्हा एकदा सांगितलं.