न दिलेल्या भाड्याचा कर

माझा डावा हात सासऱ्यांनी मोडला, एका रविवारी सकाळी, स्वयंपाकघराच्या दारात. त्यांना मारायचं होतं माझ्या नवऱ्याला, मी मध्ये आले. भांडण इन्कम टॅक्सवरून होतं. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हॉस्पिटलमध्ये आलेला पोलीसही हसला होता.

आम्ही तेव्हा भाईंदरच्या इंद्रलोक भागात सासऱ्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. लालबागची खोली विकून, त्यात निवृत्तीचे पैसे घालून त्यांनी तो घेतला होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. घरात ते, नवरा, मी आणि आमची मुलगी. त्यांना आम्ही पप्पा म्हणायचो. पप्पा बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते आणि घरातही फोरमनच राहिले. आमटी अळणी झाली तर ताट भिंतीवर जायचं. टीव्हीचा रिमोट चालला नाही म्हणून त्यांनी एकदा टीव्हीच फोडला. नवऱ्याच्या पाठीवर पट्ट्याच्या बकलाचा वण आहे. तो कशाचा म्हणून मी लग्नानंतर विचारलं, तर म्हणाला, गणितात नापास झालो होतो. एवढंच. माझ्यावर पप्पांनी कधी हात उचलला नव्हता, पण ते खुर्चीतून उठले की मी भांडी हळू ठेवायला लागायचे.

नवरा अंधेरीला एका कंपनीत खरेदी विभागात आहे. त्याच्या पगारात घरभाडं भत्ता होता. भाडं भरतोय असं दाखवलं की त्या भत्त्यावरचा कर वाचायचा. त्याच्या ऑफिसातले बरेच जण आईवडिलांना भाडं देतो म्हणून दाखवायचे आणि देत कुणीच नव्हतं. दर जानेवारीत नवरा भाडेपावत्या घेऊन यायचा आणि पप्पा रेव्हेन्यू स्टॅम्पवर सह्या करायचे. त्यांना त्याची गंमत वाटायची. "काय भाडेकरू, नळ गळतोय, बघा जरा," असं म्हणायचे. त्या घरात बापलेक एकत्र हसलेले मी तेवढेच पाहिले. पावत्यांसोबत कंपनीला पप्पांचा पॅन नंबरही जायचा. पुढे त्याचं काय होतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग नियम बदलत गेले. नवी पद्धत आली: कराचे दर कमी, पण घरभाडं, विमा, पीपीएफ यांवरच्या सवलती बंद. नवऱ्याने बरीच वर्षं जुनीच पद्धत धरून ठेवली. बजेटमध्ये बारा लाखांपर्यंत कर नाही असं आलं, तेव्हा त्याने हिशेब केला आणि नवीन घेतली. येताना जिलेबी आणली. पप्पांना म्हणाला की आता पावत्या नकोत, सुटलात तुम्ही.

पण मागच्या वर्षांचं सगळं सरकारकडे जमा होतं. पूर्वी कागद फायलीत पडून राहायचे, आता कंपनी काय कळवते, बँक काय कळवते ते एका पॅन नंबरखाली एकत्र दिसतं. काही महिन्यांनी पप्पांच्या मोबाइलवर मेसेज आला. त्यांना भाड्याचं उत्पन्न मिळालेलं दिसतंय आणि ते त्यांनी दाखवलेलं नाही. नुसत्या पेन्शनवर आणि एफडीच्या व्याजावर त्यांना कर बसत नव्हता, म्हणून त्यांनी कधी रिटर्न भरलं नव्हतं. भाडं धरलं तर बसत होता.

पप्पा मला घेऊन भाईंदर पश्चिमेला मार्केटच्या मागे बसणाऱ्या एका कर सल्लागार बाईंकडे गेले. बाईंनी शांतपणे समजावलं. एक तर पप्पांनी भाडं मिळालं असं मान्य करायचं आणि त्यावर कर भरायचा. नाहीतर मुलाने मागची रिटर्न सुधारून भाड्याची सवलत काढून टाकायची आणि वाचवलेला कर व्याज आणि जादा रकमेसकट भरायचा. पूर्वी अशी सुधारणा करायला दोन वर्षं मिळायची, आता चार मिळतात.

"खरं काय ते लिहायचं असेल तर?" पप्पांनी विचारलं.

"मग मुलाने भरायचं," बाई म्हणाल्या.

आम्ही रिक्षाने परत निघालो. इंद्रलोकच्या नाक्यावर मागून एक बाइकवाला घासून गेला, तसे पप्पा उतरले आणि त्याची कॉलर धरून त्याला हेल्मेटसकट हलवला. लोक जमले. "अंकल, छोड दो," म्हणत रिक्षावाल्यानेच त्यांना मागे ओढलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे घरापर्यंत येणार.

नवऱ्याने दोन्हीकडचा आकडा काढला. पप्पांनी भाडं कबूल केलं तर बरंच कमी जात होतं, कारण पप्पांचं उत्पन्न लहान. तो म्हणाला, तुमच्या नावावरचा कर मीच भरतो, तुम्ही फक्त भाडं घेतलं असं लिहा. व्यवहार म्हणून ते चुकीचं नव्हतं. पण पप्पांना ते चोरी अंगावर घ्यायला सांगितल्यासारखं लागलं. काही दिवस दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते.

त्या रविवारी मी चहा ठेवला होता. मुलगी हॉलमध्ये चित्र काढत बसली होती. नवरा लॅपटॉप घेऊन पप्पांसमोर बसला आणि म्हणाला, आज हे संपवून टाकू.

पप्पा म्हणाले, "मी तुझ्याकडून एक रुपया घेतला नाही. घेतला असं मी लिहिणार नाही."

"पावत्यांवर सही कोणाची आहे?" नवरा म्हणाला. "तेव्हा हात थरथरला नाही तुमचा?"

पप्पा उठले आणि गॅलरीत गेले. वर्कशॉपमधून आणलेली हत्यारं ते तिथल्या पेटीत ठेवायचे. परत आले ते हातात जाड पाना घेऊन. पहिला फटका लॅपटॉपवर बसला, स्क्रीनच्या काचा मुलीच्या चित्रावर उडाल्या. दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर. तो कळवळून स्वयंपाकघराकडे सरकला, पप्पा मागे आले, आणि मी दारात हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. हात मनगटाच्या वर भलतीकडेच वाकला होता.

माझा हात बघून पप्पा थांबले. पाना त्यांच्या हातातून खाली पडला. तिथे ते संपायला हवं होतं. पण तेवढ्यात नवऱ्याने त्यांचा गळा धरला. त्यांना ओढत नेऊन फ्रिजवर आपटलं, आणि पुन्हा आपटलं. "मार ना," तो म्हणत होता, "मार ना आता. पट्टा आण तुझा." आयुष्यात पहिल्यांदा तो वडिलांना अरेतुरे करत होता. पप्पांचा चेहरा काळवंडला, डोळे बाहेर आले. ते त्याच्या हातांना नखं लावत होते. नवऱ्याचा चेहरा मला बाजूने दिसत होता आणि तो हुबेहूब पप्पांचा होता, तेच ताणलेले ओठ, तीच मान. मुलगी सोफ्यामागे जाऊन बसली होती आणि कानांवर हात ठेवून गाणं म्हणत होती.

मी ओरडले, त्याला ऐकू गेलं नाही. गॅसवर चहाचं भांडं उकळत होतं. मी उजव्या हाताने ते उचललं आणि त्याच्या हातांवर ओतलं. थोडा चहा पप्पांच्या छातीवर गेला. दोघंही किंचाळले आणि एकमेकांपासून सुटले. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

शेजारच्या गुजराती बेननी बेल वाजवली. दार मुलीनेच उघडलं. बेन आत आल्या, बघितलं, आणि आधी मुलीला आपल्या घरी घेऊन गेल्या. मग सोसायटीतल्या एकाची गाडी मागवली आणि आम्ही तिघं एकाच गाडीतून हॉस्पिटलला गेलो. पप्पा पुढे, आम्ही मागे.

मारामारी दिसली म्हणून डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. मला प्लॅस्टर घातल्यावर हवालदार आले. नवरा म्हणाला, घरात पडलो. पप्पा मान खाली घालून बसले होते. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की यांनी पान्याने मारलं, यांनी गळा धरला, आणि चहा मी ओतला. कशावरून, त्यांनी विचारलं. टॅक्सवरून, मी म्हटलं. तेव्हा ते हसले, मग त्यांना माझा चेहरा दिसला आणि त्यांनी पेन उघडलं.

तक्रार द्यायची का असं त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. पण जबाब होता तसा लिहायला लावला आणि सही केली.

ते गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "उद्या तू त्या टॅक्सवाल्या बाईंकडे जायचंस आणि सगळी वर्षं सुधारायचीस. आणि त्या घरात मी परत जाणार नाही."

"खूप जातील गं," तो म्हणाला.

"जाऊ देत."

तो गेला. मागे जाता येत होतं तेवढ्या सगळ्या वर्षांची रिटर्न त्याने सुधारली, गाडीसाठी साठवलेलं सगळं त्यात गेलं. आम्ही तिथून जवळच, हाटकेश भागात भाड्याच्या घरात आलो. आता दर महिन्याला घरमालकाच्या खात्यात खरं भाडं जातं, आणि नव्या पद्धतीत त्याची एक पैशाची सवलत मिळत नाही. नवऱ्याच्या मनगटांवर भाजल्याचे डाग राहिले. तो समुपदेशनाला जातो, मीच त्याला सोडायला जाते. मुलीवर त्याने हात उचललेला नाही. पण आवाज चढला की मुलगी अजून उठून दुसऱ्या खोलीत जाते, आणि तो तिथेच गप्प होतो.

जुलैमध्ये पप्पांचा मला फोन आला. या वर्षी रिटर्न भरायचं का, एवढंच विचारायचं होतं. मी काम करते त्या लॅबमधून परस्पर त्यांच्याकडे गेले. घर स्वच्छ होतं, फ्रिजच्या दारावर त्या दिवशी पडलेला पोचा तसाच होता. त्यांची पेन्शन, व्याज, सगळं भरलं. भाड्याच्या जागी शून्य लिहिलं. ते शून्य त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. कर काही भरायचा नव्हता.

निघताना ते दारापर्यंत आले. "तुझा हात?" त्यांनी विचारलं.

"वजन उचललं की दुखतो," मी म्हटलं.

त्यांनी दाराची कडी काढली. मग विचारलं, "तो येईल का?"

मी म्हटलं, विचारते. मी अजून विचारलेलं नाही.