बारा मुठी आणि एक कढई

मी एकदा लोखंडी कढईत चहा उकळून बारा तलवारींच्या मुठी रंगवल्या. लिहायला एक ओळ लागली, कबूल करायला तेवीस वर्षं. तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं, म्हणजे अक्कल यायला पुरेसा अवधी मिळाला होता. पण बाईसाहेबांना, म्हणजे मला, साड्यांच्या रंगांतलं फार कळतं असा मराठी मंडळींत लौकिक होता, आणि तो बाईसाहेबांच्या डोक्यात गेला होता. ज्यांचं काम मी नासवलं त्या ओस्तादांबद्दल हे लिहिते आहे. हात थकलेत, एका बैठकीत दोन परिच्छेद होतात. तरी लिहिते.

यांच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही कोलकात्याला आलो आणि बेहाला नावाच्या उपनगरात कायमचेच राहिलो. मुलं शिकायला बाहेर गेल्यावर मी घराजवळच्या एका कारखान्यात पत्रं लिहायला जाऊ लागले. तिथे जुन्या धर्तीच्या, बिनधारेच्या तलवारी जोडत. परदेशात हौशी लोक चिलखतं घालून रविवारी लुटुपुटूच्या लढाया करतात, त्यांच्यासाठी. पाती बाहेरून येत. मुठी आमच्याकडे चढत. लाकडावर दोरी गुंडाळायची, तिच्यावर बकऱ्याचं ओलं कातडं ताणून बसवायचं आणि मागच्या बाजूनं शिवायचं, एवढंच ते काम. एवढंच, असं मी म्हणते. ओस्ताद तेच चाळीस वर्षं करत होते आणि तरी रोज सकाळी पहिल्या मुठीला हात लावताना जरा थांबत.

त्यांची पहिली सवय म्हणजे रंग विचारला की ते हात बघायला मागत. गिऱ्हाईक तांबडं कातडं मागो की काळं, ओस्ताद म्हणायचे, "आधी तळहात दाखवा." कोरडा आहे, घामट आहे, तेलकट आहे, हे अंगठ्यानं दाबून बघायचे. पहिल्या दिवशी माझाही पाहिला. "बौदी, तुमच्या हाताला घाम फार. तांबडी मूठ घेतलीत तर वर्षभरात साडी तांबडी होईल." त्यांचं बोलणं बांगला आणि हिंदी एकत्र कालवलेलं असायचं, इथे मी ते मराठीत उतरवते आहे. 'बौदी' मात्र तसंच ठेवते. वहिनी म्हटलं की ते ओस्ताद राहत नाहीत.

मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला. इथल्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना बर्गी येतील म्हणून भीती घालून झोपवलं आहे, आणि बर्गी म्हणजे आपलेच घोडेस्वार. "बागबाजारला तुम्हा लोकांना अडवायला खंदक खणला होता," ते म्हणायचे. "पण अर्धाच खणला. तुम्ही तर बँकेच्या बदलीवर आलात." मी कामात चूक केली की मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "बर्गी आले."

कातड्याच्या म्हातारपणाबद्दल ते आपल्या नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलत. तांबडं कातडं तरुणपणी मिरवतं आणि दहा वर्षांत विटेसारखं होतं. काळं कडेकडेनं हिरवट पडतं, त्याला वय लपवता येत नाही. त्यांचा जीव होता तो कोऱ्या कातड्यावर, झाडाच्या सालीत कमावलेल्या, रंग न दिलेल्या. ते आधी पिठासारखं फिकट असतं. मग ऊन आणि हात लागून मधासारखं होतं, मग नोलेन गुडासारखं, म्हणजे इथल्या खजुराच्या गुळासारखं, आणि शेवटी जुन्या चिंचेसारखं. "दुकानातला रंग दुकानदाराचा," ते म्हणायचे. "हातातला रंग घेणाऱ्याचा." मला हे म्हणणं गोड वाटायचं आणि धंद्याला अगदी निरुपयोगी. मी टेबलावर रंगांचं कार्ड ठेवलं होतं, त्यात तपकिरीच्याच अकरा छटा होत्या.

मालकांनाही ते निरुपयोगीच वाटायचं. त्यांना कातडं बंद करून रेक्झिन आणायचं होतं. एकसारखं, झटपट, तक्रार नाही. शेवटी त्यांनी ओस्तादांना एक संधी दिली. एका नव्या गिऱ्हाइकाला बारा तलवारी हव्या होत्या, अंगावर जुनेपण असलेल्या. त्या पसंत पडल्या तर कातड्याचं काम राहील. नाही तर ओस्ताद बसत त्या खिडकीजवळच्या फळीवर रेक्झिनचे गठ्ठे येतील.

ओस्तादांनी जपून ठेवलेलं कोरं कातडं काढलं. बारा मुठी चढवल्या, तेलाचा हलका हात दिला आणि गच्चीवर उन्हात मांडल्या. तासातासाला जिना चढून ते त्या पापडासारख्या उलटायचे. साठीचा माणूस, गुडघे वाजायचे. मी खालून म्हणायचे, "ओस्ताद, तुम्ही भाजून निघाल, मुठी तशाच राहतील." ते वरून म्हणायचे, "मग मलाच पाठवा, जुना माल आहे."

चौथ्या दिवशी आभाळ आलं. पाचव्या दिवशीही. मालक येताजाता घड्याळ बघायचे. सहाव्या दिवशी ओस्ताद मुलीच्या सोयरिकीसाठी बजबज गावी गेले आणि जाताना मला म्हणाले, "बौदी, कोणाला हात लावू देऊ नका. उद्या ऊन येईल."

मी कोणालाच हात लावू दिला नाही. स्वतः लावला. परकर फिका पडला की आई तो चहाच्या पाण्यात बुडवायची, हे मला आठवलं आणि आपल्याला सुचलं याचंच मला कौतुक वाटलं. कारखान्यातली किटली लहान. म्हणून दुपारी घरी जाऊन मी माझी लोखंडी कढई आणली, जिच्यात मी वांग्याची भाजी करते ती. पाव किलो चहापत्ती उकळली आणि चिंधीनं बाराही मुठींना फासली. संध्याकाळी त्या काय सुंदर दिसत होत्या, खजुरासारख्या. उद्या ओस्ताद थक्क होतील, असं म्हणत मी घरी गेले. कढई जड होती म्हणून चहासकट तिथेच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा मुठी काळ्या-करड्या झाल्या होत्या. सगळीकडून नव्हे, तेच वाईट. जिथे तेल मुरलं होतं तिथे चहा शिरला नव्हता, म्हणून एखाद्याला कोड फुटावं तसे डाग. सालीत कमावलेल्या कातड्याला लोखंडाचं पाणी लागलं की ते काळं पडतं, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की माझी कढई मोरीजवळ लख्ख घासून पालथी ठेवली आहे. झाडूवालीचे मी मनातल्या मनात उपकार मानले आणि कढई पिशवीत कोंबली.

ओस्ताद फळीशी बसले होते. पुढ्यात बारा मुठी. मालक आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे काय केलंत?"

मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं हे खरं आहे, देवाशपथ. पण त्याच्या आधी ओस्ताद म्हणाले, "तेल जळलं, बाबू. माझाच हात चुकला."

मग मी तोंड मिटलं, आणि ते मिटलेलंच राहिलं. महिनाअखेरीस ओस्तादांनी आरी, दाभण आणि हाडाची घासणी फडक्यात बांधली. दारात थांबून मला म्हणाले, "येतो, बौदी. घामट हात जपा." त्यांच्या जागी रेक्झिन आलं आणि माझी रंगांची जाण बघून मालकांनी छटा निवडायचं काम माझ्याकडे दिलं. 'कधीही जुनी न होणारी मूठ' अशी पत्रं मी स्वतः लिहिली. ती मूठ जुनी झाली नाही हे खरंच. तिसऱ्या वर्षी तिची सालं निघाली. मी काम सोडलं. कोणी कारण विचारलं नाही.

त्या बारांपैकी एक तलवार मी भंगारातून उचलून घरी आणली होती. दसऱ्याला तिची पूजा होते, आणि उरलेलं वर्ष मी तिनं उंचावरचे पडदे सरकवते, माळ्यावरची पिशवी ओढते, वरच्या मजल्यावरच्यांनी रात्री फर्निचर हलवलं की छत ठोकते. यात तेवीस वर्षं गेली. परवा पडदा ओढताना उन्हात नीट पाहिलं तर डाग दिसेनात. काळं आणि फिकं एकमेकांत मुरून सगळी मूठ चिंचेच्या रंगाची झाली होती, अंगठ्याखाली चकाकी आलेली. पडदा तसाच अर्धा ठेवून मी कारखान्यातल्या जुन्या माणसांचे फोन नंबर शोधायला बसले.

ओस्ताद आहेत, बजबजला मुलीकडे असतात, हे कारखान्यातल्या एका जुन्या माणसाकडून कळलं. मेट्रोत तलवार नेऊ देणार नाहीत म्हणून पातं काढून घरी ठेवलं आणि नुसती मूठ पर्समध्ये घातली. माझेरहाटला गाडी बदलली. बजबजपर्यंत माझं वाक्य मनात घोळवत होते आणि दर स्टेशनाला ते थोडं लहान होत होतं.

ओस्तादांना आता जवळजवळ दिसत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, बेहालाच्या बौदी." त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं नमस्कारासाठी. त्यांना माझा तळहात हवा होता. दाबून म्हणाले, "घाम कमी झाला. म्हाताऱ्या झालात."

मी हातात मूठ दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, शिवण चाचपली, अंगठा माझ्या अंगठ्याच्या जागी बसवला. "लढाईतली नाही ही," ते म्हणाले. "कोणीतरी वरचं काहीतरी ओढतं हिनं."

"पडदे," मी म्हटलं. आणि मग बाकीचं म्हटलं. चहा मी उकळला. मालकांपुढे मी गप्प बसले. तुमची जागा माझ्यामुळे गेली. तेवीस वर्षं सांगायचं राहिलं, ओस्ताद.

ते मूठ मांडीवर फिरवत राहिले, गच्चीवर उलटायचे तशी. मग म्हणाले, "ठाऊक आहे, बौदी. कढई मीच घासली होती. पुढच्या वेळी पितळेची आणा."