शेजारच्या डोंगराचा नारळ

बाबांच्या मते जांभूळमाळच्या इतिहासात दोनच महत्त्वाच्या घटना. आधी कान्हेरीचे भिक्षू आले, मग बाबा. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी ते आईला घेऊन नॅशनल पार्कातला हा मुंबईतला सगळ्यात उंच डोंगर चढले. टोकावर नारळ फोडून त्यांनी गावच्या पद्धतीने देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, की बोरीवलीत स्वतःचं घर होऊ दे. घर झालं. तेव्हापासून दर पाडव्याला आमच्या गच्चीवरून त्या डोंगराला एक नारळ.

आता बिल्डिंग पाडून नवी होणार. नवं घर डोंगराकडचं हवं की रस्त्याकडचं, ते रविवारपर्यंत फॉर्मात लिहून द्यायचं होतं. आईला रस्ता हवा होता, कारण खिडकीतून भाजीवाल्याशी भांडता येतं. बाबा अडून बसले. "ज्या डोंगराने घर दिलं, त्याच्याकडे पाठ करून झोपू?" त्यालाच वर जाऊन विचारतो म्हणाले. सत्तरीचे गुडघे! मला संताप आला, तरी पार्काची परवानगी काढून, गाईड सोबत घेऊन मीच त्यांना नेलं.

टोकावर पोहोचलो, तर वाटभर बाबांची गोष्ट ऐकलेल्या गाईडने खाली एक बुटका डोंगर दाखवला. "काका, तुमच्या गच्चीवरून दिसतो तो हा. जांभूळमाळ त्याच्या मागे लपतो. तुम्ही तेव्हा हाच चढला असाल."

बाबांचा चेहरा बघून मला हसू फुटलं, मग स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी पिशवीतून नारळ काढून फोडला. "बा देवा म्हाराजा! इतकी वर्सां तुझो नारळ शेजाऱ्याक गेलो. चूकभूल पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि गाईड एकदम ओरडलो. मग वाकून करवंट्या गोळा केल्या, कारण पार्कात कचरा टाकायचा नाही.

घरी येऊन बाबा सोफ्यावर कोसळले. आईला म्हणाले, "रस्त्याकडचं लिही. माझा डोंगर चुकला."

"फॉर्म सकाळीच देऊन आले. डोंगराकडचं."

"अगं, पण तो जांभूळमाळ नाहीच!"

"ठाऊक आहे. तुम्ही डोळे मिटून गाऱ्हाणं घालत होतात, तेव्हाच मागचा उंच दिसला मला."

"मग बोलली का नाहीस?"

"पायात गोळे आले होते माझ्या. बोलले असते तर तोही चढायला लावलं असतंत." आईने तेलाची वाटी घेतली आणि त्यांचा गुडघा पुढे ओढला. "आणि घर तर त्या बुटक्यानेच दिलं ना!"