चार भाषांतला बा

माणूस गेला की आहे, हे त्याच्या घरच्यांनी म्हणायच्या आधीच मी त्याच्या नावानं डोकं भादरून आलो. मिशासुद्धा ठेवल्या नाहीत. तो माझा कोणी लागत नव्हता. मी त्याच्या पडवीतला भाडेकरू होतो.

साठच्या दशकात तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी साताऱ्याकडचा, तिथं मजुरांची हजेरी घ्यायच्या कामावर लागलेला. जवळच्या मच्छीमार वस्तीत एका घराची पडवी राहायला मिळाली. एका टोकाला माझी वळकटी, दुसऱ्या टोकाला जाळी, आणि मधे सुक्या बोंबलांचा वास. घरात तिघं: मालक, त्याची बायको आणि लग्नाला आलेली मुलगी. बायकोला मी मावशी म्हणायचो. मुलगी बापाला 'बा' म्हणायची, आणि ऐकून ऐकून एक दिवस माझ्याही तोंडून तेच गेलं. मालक जाळं विणत होता. त्यानं सुई थांबवली.

"बा कोनाला म्हनतो रे घाट्या? तुज्या आयेला मी बगितलीपन नाय."

मावशी चुलीपुढं हसून हसून खोकायला लागली. मीही हसलो, पण शब्द मागं घेतला नाही. माझे वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. आमच्या गावात प्रत्येकाच्या घरी एक बा होता. मला मात्र तो शब्द नुसता ऐकून माहीत होता, वापरायला कधी मिळाला नव्हता.

कामावर तोच शब्द निरनिराळे कपडे घालून भेटायचा. धारवाडकडचा एक सुतार त्याच्या मदतनिसाला "बा, बा" करून ओरडायचा. पहिल्या दिवशी मी याचे वडील कुठं दिसतात का म्हणून आजूबाजूला बघत राहिलो. त्याच्या कानडीत बा म्हणजे ये. बलियाचा एक वेल्डर होता. कसं काय विचारलं की म्हणायचा, "सब ठीक बा." त्याच्याकडे बा म्हणजे आहे. बोईसरच्या बाजारात गुजराती दुकानदारानं आत तोंड करून "बा!" अशी हाक दिली, तर पांढऱ्या केसांची त्याची आई बाहेर आली.

ही सगळी कमाई मी संध्याकाळी पडवीत आणून ओतायचो. माझ्या बाला ती फार आवडायची.

"एवडुसा शब्द, आनि केवडी कामं करतो," तो म्हणाला. "अगदी माज्यासारका हाय."

"तुमी बिडी वडता, तेवडंच काम," मावशी आतून म्हणाली.

वैशाख सरता सरता एक दिवस वारा फिरला. होडी परत आली, ती त्याला सोडून. होडीचा तांडेल, म्हणजे तिच्यावरचा मुख्य माणूस, ओली टोपी हातात धरून अंगणात उभा राहिला. जाळं ओढताना लाट आली, बा खाली गेला, पुष्कळ शोधला, गावला नाही, एवढंच तो बोलला. 'गेला' असं म्हणाला नाही. त्या गावची रीतच तशी होती. दर्यातनं माणूस सापडला नाही, तर घरची बाई स्वतः म्हणेपर्यंत 'गेला' हा शब्द कोणी काढायचा नाही. तोवर तिचं कुंकू तसंच, बांगड्या तशाच, आणि त्याच्या नावानं कोणी केस उतरवायचे नाहीत. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नाही. मी शिकलेला होतो ना!

मावशी रोजच्यासारखी बोंबील उन्हात घालत राहिली. एका संध्याकाळी तिनं मला विचारलं, "त्या भय्याच्या भाषेत बा म्हंजे काय सांगितलेलंस?"

"आहे," मी म्हणालो.

"म्हंजे हाय?"

"हो."

"बरी भाषा हाय," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं त्याचं ताट मांडलं.

खांद्यावर डोकं असलेल्या कोणालाही यावरून कळलं असतं. मी त्याच रविवारी ते डोकं घेऊन बोईसरला न्हाव्याकडे गेलो. वडिलांच्या वेळी माझ्या वाटचं मुंडण राहून गेलं होतं. या खेपेला राहू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

"कोण?" न्हाव्यानं विचारलं.

"बा."

न्हावी गुजराती. त्यानं वस्तरा खाली ठेवला. "अरेरे, बा गयां?" म्हणाला आणि स्वतःच्या आईच्या आठवणी सांगता सांगता डोळे पुसायला लागला. मीही रडलो. त्याची आई आणि माझा बाप एकाच खुर्चीत बसले होते. त्यानं इतक्या मायेनं भादरलं की त्याचा गैरसमज दूर करायचा मला धीर झाला नाही.

नारळासारखं डोकं घेऊन मी वस्तीत शिरलो. खारा वारा टाळूला झोंबत होता. मुलगी विहिरीवरून येत होती. माझ्याकडे बघून तिच्या डोक्यावरचा हंडा पडला आणि ती "बा!" म्हणून किंचाळली. घराघरांतून बायका धावत आल्या, अंगणात बसून त्यांनी गळे काढले. कुठंतरी किनाऱ्याला देह लागला आणि त्याची खबर मी आणली, असं सगळ्यांनी धरलं. तांडेल धापा टाकत आला.

"कुटं गावला?"

"कोण?" मी म्हणालो.

मावशी बोंबलांची टोपली कमरेवर घेऊन उभी होती. तिनं माझ्या डोक्याकडे सावकाश बघून घेतलं.

"गप बसा गो सगळ्या," ती म्हणाली. "भाडोत्र्याच्या टकलावरनं माजा घरवाला मरत नाय."

रडणं थांबलं. त्या रात्रीही तिनं त्याचं ताट मांडलं. माझंही वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सगळा पावसाळा मी टोपी घालून काढला, घरातसुद्धा. होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली पडून होत्या. सुतार "बा, बा" ओरडायला लागला की मी दुसरीकडे जाऊन उभा राहायचो. संध्याकाळी पडवीत नवा शब्द आणणं बंद झालं. मुलगी माझ्याशी बोलेना. केस मात्र निर्लज्जासारखे वाढत होते.

नारळी पौर्णिमा जवळ आली. झावळ्या निघाल्या, होड्यांना तेलपाणी सुरू झालं. तांडेल सकाळी होडीपाशी काम करत होता. मावशी चालत त्याच्यापर्यंत गेली. मी मागे उभा होतो.

"गेला तो," ती म्हणाली. "मनात अडी ठेवून दर्याला नारळ कसा देनार? करा काय ते."

तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. त्या तिनं घरीच उतरवल्या होत्या, कोणाला न बोलावता.

देह नव्हता, म्हणून अग्नी द्यायला दर्भाचा पुतळा केला. अंगणात न्हावी येऊन बसला. बाला मुलगा नव्हता, म्हणून पुतण्या पुढं झाला. तो केस उतरवून उठल्यावर मी टोपी काढली आणि त्याच्या जागी जाऊन बसलो. आता केस भांग पाडण्याइतके झाले होते. न्हाव्यानं तांब्यात हात बुडवून माझं डोकं ओलं केलं.

बायकांतून उठून मावशी सरळ माझ्यासमोर आली. तिच्या मोकळ्या कपाळाकडे मला बघवेना. मी खाली मान घातली.

"ऊठ तितनं, बिनडोक्या," ती म्हणाली. "एका बासाठी दोनदा भादरतं काय कोन?"