प्रोसेसरनेही सरांना कळवावे

शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी मला वाचवलं, हे आधी सांगून टाकतो. मग बाकीचं. त्या इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या, इंजिनीअर. मी नांदेडच्याही पलीकडचा, नववीत शाळा सुटलेला. प्रोग्रामिंग शिकलो ते कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कंपनीत मला घेतलंच कसं, याची धास्ती अजूनही रोज गेटवर कार्ड लावताना वाटते.

आमचं काम असं: शास्त्रज्ञांचं एखादं अवाढव्य गणित घ्यायचं, समजा भरती-ओहोटीत खाडीतला गाळ कुठे सरकेल. त्याचे तुकडे करून शेकडो प्रोसेसरना एकाच वेळी सोडवायला द्यायचे. सगळे एकदम राबले की आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकतं. आमच्या ऑफिसात मात्र खुर्ची सरकवायची तरी सरांना विचारायचं. कोण काय करतोय ते दर अर्ध्या तासाने ग्रुपवर टाकायचं. जेवायला गेलो, तेही.

लॅबमधले शास्त्रज्ञ पाहुणे आमचं काम बघायला येणार होते, त्या डेमोच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "प्रत्येक प्रोसेसरने प्रत्येक पायरीला माझ्या स्क्रीनवर कळवलं पाहिजे, किती झालं ते. सगळ्यांचं आल्याशिवाय पुढची पायरी नाही."

"सर, मग ते काम कमी आणि वाट बघणं जास्त करतील."

"तू टेन्शन घेऊ नको. सांगितलं तेवढं टाक."

टाकलं. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच महिन्यात सर ठरवणार होते.

डेमोला सरांच्या स्क्रीनवर आकड्यांची जत्रा भरली. सर खूश. गणित मात्र हलेना. पाहुण्यांचा चहा संपला, बिस्किटं संपली. शेवटी त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आमच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर एवढ्यात झालं असतं हो."

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हा नववीचा माणूस. दया म्हणून ठेवला. उद्यापासून नको."

मॅडम उठल्या. चिडल्या की त्यांच्या तोंडी गावची बोली येते.

"सर, हा रिपोर्टचा हट्ट कोनाचा हाय? यानं तुमाला सांगितलेलं, मी बाजूलाच बसलेली. त्या प्रोसेसरना काम तर करू द्या, मग तेच सांगतील झालं म्हनून!"

पाहुण्या बाई खुदकन हसल्या. "आमच्याकडेही असे एक साहेब आहेत. काढा ते रिपोर्ट."

मॅडमनी रिपोर्ट बंद केला. चहाचा दुसरा कप यायच्या आत गणित सुटलं.

पाहुण्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून मी कायम झालो. मॅडमना सरांनी दूर बंदराकडच्या द्रोणागिरीला धाडलं, गोदामातला माल मोजायच्या सॉफ्टवेअरवर. अनुभव वाढेल म्हणे. मी आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, "रडतोस काय? मला ते जवळ पडतं." साफ खोटं. रोज बस बदलून जातात.

त्यांना परत इथे आणा, असं सरांना मी सांगणार आहे, तेही पाहुण्यांच्या देखत. पुढच्या डेमोला धीर झाला नाही, तर त्याच्या पुढच्या. पण उठेन. मॅडम, एवढं मी तुमच्यासाठी करणारच.