कळेपर्यंत सुतक नाही

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. कुणी लक्झेंबर्गच्या सहलीबद्दल विचारलं की मी खोल दरीवरच्या पुलांचं वर्णन करायचो, किल्ल्याचं करायचो आणि मग विषय बदलायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा फिरलाय भरपूर.

गेल्या महिन्यात मेहुण्याच्या तेराव्याला पुण्याला गेलो होतो. माझ्या पत्नीचा हा धाकटा, एकुलता एक भाऊ. पंगत उठत असताना त्यांच्याकडची एक वयस्कर मावशी शेजारणीला म्हणाली, "माणूस सोन्यासारखा होता हो. फक्त आई गेली तेव्हा बहिणीसाठी थांबला नाही, तेवढं एक वागायला नको होतं." मेहुण्याची मुलगी तिथेच ताटं उचलत होती. तिने ऐकलं आणि ती ताटं घेऊन आत गेली. मीही ऐकलं, आणि वाटीतला मठ्ठा संपवला. सिंगापूरला परत आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

त्या सहलीच्या काळात मी इथेच, सिंगापूरमधल्या रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत होतो. सकाळी मरीन परेडच्या घरातून निघायचो तो मुलगी झोपल्यावरच परतायचो. माझ्या बदलीसाठी पत्नीने मुंबईतली चांगली नोकरी सोडली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण हळूहळू इतर गोष्टींबद्दलही बोलेनाशी झाली. घरात भांडण नव्हतं. दूध संपलंय, बिल आलंय, एवढंच बोलणं उरलं होतं.

फ्रँकफर्टला माझ्या बैठका होत्या. मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून पत्नीला बरोबर नेलं. मधल्या शनिवार-रविवारी लक्झेंबर्ग बघायचं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी नदीच्या काठाने जाणाऱ्या गाडीत तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "किती मोठा आहे हो हा देश?"

"पुणे जिल्ह्यात पाच-सहा बसतील."

"अय्या, मग हा देश आहे की तालुका?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. सिंगापूरवाल्यांनी दुसऱ्याला लहान म्हणू नये."

ती हसली. मी किती दिवसांनी तिला हसताना पाहत होतो ते मला सांगता येणार नाही. हॉटेलवर पोचेपर्यंत ती बोलत होती. तिच्या कॉलेजचं, आईच्या हातच्या सांज्याच्या पोळ्यांचं, काहीही.

शनिवारी सकाळी ती आंघोळीला गेली होती आणि माझा फोन वाजला. परदेशात चालणारा फोन ऑफिसने दिलेला, माझाच होता. पण तिचा चालू असता तरी मेहुण्याने मलाच केला असता. आमच्यात वाईट बातमी बाईला थेट देत नाहीत. ती आधी तिच्या नवऱ्याला सांगतात. तो सांभाळून, वेळ बघून, दोन घास पोटात गेल्यावर तिला सांगतो.

"भावोजी, आई गेली," तो म्हणाला. "पहाटे. काही त्रास झाला नाही. ताईला तुम्हीच सांगा, माझ्याने होणार नाही." मग म्हणाला, "ताई निघत असेल तर मी उद्यापर्यंत थांबतो. हॉस्पिटलवाले ठेवतो म्हणालेत. थांबू ना?"

बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. दुपारच्या गाडीने फ्रँकफर्टला जाऊन रात्रीचं विमान पकडता आलं असतं. मी वेळापत्रक उघडूनही बघितलं नाही. म्हणालो, "नको. इथून तिकीट मिळत नाहीये. तुम्ही उरकून घ्या."

"ताईला एकदा विचारता का?"

"तिला माझ्या बोलण्यावरूनच कळलं, फार रडते आहे," मी म्हणालो. "मी आहे तिच्याजवळ."

मी असं का केलं, याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ दिली. आमच्या घरी एक जुना नियम होता: कळेपर्यंत सुतक नाही. माझे आजोबा गेले तेव्हा माझी परीक्षा चालू होती. आईने शेवटचा पेपर होऊ दिला, जेवायला वाढलं, हात धुऊ दिले आणि मग सांगितलं. ते शहाणपण आहे असं सगळे म्हणाले, मलाही ते शहाणपणच वाटलं. त्या खोलीत मी तोच नियम काढला. हिला कळलं नाही तोवर हिला सुतक नाही. आई तर गेलीच आहे. दोन दिवसांनी सांगितलं तरी शास्त्राने काही बिघडत नाही.

पण परीक्षा तिची नव्हती. पेपर माझा चालू होता. मला ते दोन दिवस हवे होते. जी बाई कित्येक महिन्यांनी माझ्याशी बोलू लागली होती, ती त्या बातमीने पुन्हा गप्प होईल, ही मला भीती होती. खरं कारण एवढंच.

आम्ही फिरलो. दरीच्या कडेने फिरलो, कड्याच्या पोटात खोदलेल्या भुयारांतून वाकून चाललो. चौकात तिने प्लमचा केक खाल्ला आणि अर्धा मला दिला. दुपारी आम्ही तिथल्या मोठ्या चर्चमध्ये गेलो. लोक मेरीच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावत होते. तिने एक घेतली.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"आईच्या गुडघ्यांसाठी. इथली देवी मोठी आहे म्हणतात. आपल्याला काय, देवी ती देवी." मेणबत्ती नीट उभी राहीना, म्हणून ती मला म्हणाली, "जरा धरा हो." मी धरली. त्याच सुमाराला पुण्यात तिच्या आईला नेत असणार.

रविवारी डोंगरावरचा एक किल्ला बघून आम्ही संध्याकाळी फ्रँकफर्टला परतलो. जेवण झाल्यावर मी तिला सांगितलं. आताच फोन आला, असं सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. कधी, म्हणून विचारलं. काल पहाटे, मी म्हणालो.

"काल? आणि आज सांगतो? थांबला नाही?"

"नाही," मी म्हणालो.

तो एक शब्द मला तेव्हाही मागे घेता आला असता. त्याऐवजी ती तोंड धुवायला गेली तेव्हा मी मेहुण्याला फोन केला आणि आजच कळवलं असं म्हण, अशी गळ घातली. "म्हणजे ताईला कालपासून काहीच माहीत नव्हतं?" त्याने विचारलं. मग "बरं" म्हणाला.

ती पुण्याला गेली, मागोमाग मीही गेलो. दहाव्याच्या आदल्या दिवशी माहेरच्या स्वयंपाकघरात तिने त्याला विचारलं. मी दारात उभा होतो.

"एक दिवस, अरे. एक दिवस थांबवत नव्हतं तुला? मी परकी झाले?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"ताई, चुकलं माझं," तो म्हणाला.

त्या दिवाळीपासून तिने भाऊबीज बंद केली. त्याचा फोन आला तर माझ्याकडे द्यायची. मुलगी मोठी झाल्यावर कधीतरी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणायची, "मामाला कॉल कर ना, आई. ही इज युअर ओन्ली ब्रदर, ला." ती उठून ओट्याकडे जायची. आमचं मात्र त्यानंतर बरं चाललं. आईच्या दुःखात मी तिला सांभाळलं, असं ती मैत्रिणींना सांगायची. ते मला ऐकून घ्यावं लागायचं.

तीन वर्षांपूर्वी ती आजारी पडली. शेवटी शेवटी मेहुणा येतो म्हणत होता. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आईसाठी थांबला नाही तो. माझ्यासाठी धावायची गरज नाही." मी तिला पेज भरवत होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी चमचा पुढे केला आणि म्हणालो, "अजून थोडी घे."

ती गेल्यावर मी मेहुण्याला फोन केला आणि त्याने काही विचारायच्या आधीच म्हणालो, "तू ये. आम्ही थांबतो." तो आला, त्याने बहिणीचा चेहरा पाहिला.

दिवसकार्य होईपर्यंत तो आमच्याकडे राहिला. एका सकाळी आम्ही ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालायला गेलो आणि तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, कॉफी घेऊन बसलो. समोर जहाजं नांगर टाकून उभी होती.

"ताईला शेवटी सांगितलंत का?" त्याने विचारलं.

"नाही."

"म्हणजे माझ्यावर रागावूनच गेली."

"हो."

तो कॉफी ढवळत राहिला. "मी तेव्हा विचार केला भावोजी, भावाशी बोलणं टाकून बाईचा संसार चालतो. नवऱ्यावरचा विश्वास गेला, तर परदेशात ती कुणाकडे बघणार? पण मला वाटलं होतं, एखाद-दोन वर्षांत तुम्ही सांगाल." मग तो जरा हसला. "कॉफीत साखर फार घालतात हो इथे."

मी त्याला दुसरी, बिनसाखरेची आणून दिली.

तो निघाला त्या दिवशी टॅक्सीत मी मनाशी वाक्य जुळवत होतो. तुझ्यावरचा आळ मी घातला, मी तो काढायला हवा होता, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं. विमानतळावर त्याची बॅग गेली, पासपोर्ट तपासायच्या रांगेपाशी आम्ही थांबलो, आणि मी तोंड उघडलं. तेवढ्यात, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला नमस्कार करतात तसा, तो माझ्या पाया पडायला वाकला. गुडघे दुखत असावेत, त्याने एक हात माझ्या दंडाला धरला होता. माझा हात सवयीने त्याच्या डोक्यावर गेला आणि तोंडून निघालं, "सुखी राहा."