आजपुरतं पुरे

अक्का गेल्याचा फोन सावद्याहून आला, तेव्हा जळगावला मी ऑफिसला निघालो होतो. भाची एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली..." मी डबा पिशवीतून काढून परत ओट्यावर ठेवला.

अक्का माझी थोरली बहीण. सावद्याच्या शाळेत तिने वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवलं. 'कॉल इट अ डे' हा वाक्प्रचार शिकवायला ती वर्ग शाळेमागच्या केळीच्या बागेत न्यायची. घड कापणारी टोळी सकाळपासून राबत असायची. ट्रक भरला की मुकादम विळा पुसत म्हणायचा, "बस रे पोरहो, आता उद्या." घड तर झाडांवर अजून लटकलेले असायचे. अक्का मुलांना म्हणायची, "बघा, काम संपलेलं नाही. तरी आजपुरतं पुरे म्हणायचं आणि समाधानानं थांबायचं. पण हे राबणाऱ्यानं म्हणायचं, बांधावर बसलेल्यानं नाही." घरीही तिचं तेच. डाळ निवडता निवडता दिवेलागण झाली की सुपात राहील तेवढी ठेवून उठायची. मी मात्र ऑफिसात हिशेब जुळल्याशिवाय जागचा हलत नाही. मला ते पाहवत नसे. "मूठभर तर राहिली, संपव की!" म्हटलं की ती म्हणायची, "तू काय माझ्या डाळीचा ऑडिटर आहे का रे?"

शेवटच्या आजारात औषधांचा आणखी एक कोर्स घ्यायचा की नाही, हे ठरायचं होतं. किती टक्के आशा आहे ते सांगाच, असा मी डॉक्टरांकडे हट्ट धरला. आकडा लहान होता, पण शून्य नव्हता. मला तेवढा पुरत होता. अक्काने चष्मा काढून उशाशी ठेवला. "भाऊ, आता कॉल इट अ डे."

"अक्का, ते आजपुरतं असतं. तूच शिकवलंस. उद्या परत कामावर यायचं असतं."

ती हसली, मग धाप लागली... "येईल ना कोणीतरी. घड कुठं पळून चालले?"

मला आणखी वाद घालता आला असता. पण राबत ती होती. मी बांधावर होतो. डॉक्टरांना नको म्हणून सांगून आलो आणि तिला घरी सावद्याला नेलं.

दिवसकार्य झाल्यावर भाचीने माझ्यापुढे सूप आणून ठेवलं. घरी आल्यावर अक्का एकदाच निवडायला बसली होती, ती डाळ. "मामा, माझा हात धजत नाही." मी निवडायला बसलो. दिवे लागले, तेव्हा मूठभर डाळ उरली होती... दोन मिनिटांचं काम.

मी सूप तसंच फळीवर ठेवलं.